वैशालीचा लेख मी लिहिला

कामाचे अनुभव लिहायचे तर माणसाने निदान तीस वर्षं नोकरी केलेली असावी, निरोपाची शाल खांद्यावर पडलेली असावी, असं मला वाटायचं. माझी नोकरी चौदा महिन्यांची आणि तीही अर्ध्या दिवसाची. त्यामुळे या अंकासाठी लिहाल का असं विचारलं गेलं तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा हो म्हटलं, कारण राग अजून गेलेला नाही. तो निवायच्या आत लिहून टाकावं असं वाटलं.

मी पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. नाशिकला मुलींच्या वसतिगृहात राहून बीए करते. सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर सातपूरला, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या खोलीत, इंटरनेटवर टाकायचे लेख लिहायचे. घरी मी 'कॉम्प्युटरवर लिहायचं काम' एवढंच सांगितलं होतं. आई सगळ्यांना सांगायची, आमची हिरा तलाठ्याच्या हाताखाली आहे. मी तिला कधी दुरुस्त केलं नाही. खरं काम समजावणं जास्त अवघड होतं.

इथे मात्र समजावते. समजा, तुमचा पाण्याच्या टाक्या साफ करायचा धंदा आहे. तुमची वेबसाइट आहे, पण मोबाइलवर कुणी 'नाशिक टाकी सफाई' असं शोधलं तर ती पाचव्या पानावर येते. पाचव्या पानापर्यंत कोण जातं? मग तुम्ही आमच्या निलेश सरांकडे येता. मी टाकी सफाईवर पाचशे शब्दांचा लेख लिहिते. त्यात 'नाशिक टाकी सफाई' हे शब्द सात वेळा आले पाहिजेत, पहिल्या ओळीत एकदा तरी. मग आरिफभाई तोच लेख थोडा थोडा बदलून, लेख फुकट छापणाऱ्या पन्नासेक वेबसाइटवर चढवतात. प्रत्येक लेखाच्या शेवटी तुमच्या वेबसाइटची लिंक. शोधून देणाऱ्या यंत्राला वाटतं, इतके लोक या माणसाबद्दल लिहितात म्हणजे माणूस नक्कीच मोठा. तुम्ही पहिल्या पानावर येता.

सरांचा एक नियम पक्का होता. शेवटचा परिच्छेद ग्राहकाचा. तिथे लिंक यायची, 'आजच संपर्क साधा' यायचं आणि आपलं म्हणून काहीही यायचं नाही. मला शाळेत शिकवलेलं की निबंधाचा समारोप महत्त्वाचा, मनातलं तिथे सांगावं. सुरुवातीला मी तसं करायचे. सर तो भाग पूर्ण उडवायचे आणि म्हणायचे, "समारोप आपला नसतो गं हिरा. तो विकलेला असतो."

आणि लेखाखाली माझं नाव कधीच नसायचं. सरांच्या कॉम्प्युटरवर नावांची एक यादी होती, शेजारी हसऱ्या चेहऱ्यांचे विकत घेतलेले फोटो. चौदा महिन्यांत मी निवृत्त अभियंता झाले, दोन मुलांची आई झाले, केसांची डॉक्टर झाले. आरिफभाई मालेगावचे, त्यांचे वडील यंत्रमागावर. ते म्हणायचे, "हिरा मॅडम, आमच्या अब्बांच्या मागावर एक धागा तुटला की माग बंद पडतो. इथं काहीबी तुटू द्या, अपना माग चालूच."

गमतीचे ग्राहकही भेटले. विंचूरच्या वाइन पार्काकडच्या एका गृहस्थांना 'वाइनची चव कशी घ्यावी' असा लेख हवा होता. मी वाइन जवळून पाहिलेलीसुद्धा नाही. पण सुट्टीत घरच्यांबरोबर दिंडोरीकडे द्राक्षं तोडायला गेलेली आहे. घड देठालाच धरावा, मण्यांवरची पांढरी भुकटी बोटांनी पुसू नये, असं सगळं मी लिहिलं. त्यांचा फोन आला, "मॅडम, लेख फार छान, पण त्यात द्राक्षंच द्राक्षं आहेत. बाटली कधी उघडणार?"

टाकी सफाईचा तो लेख मात्र मला आजही आवडतो. वसतिगृहाची टाकी साफ होताना मी गच्चीवर उभी राहून पाहिली आणि मग लिहिलं. त्या ग्राहकाने लेख छापून आपल्या टेंपोत चिकटवला. "आमची माणसं चपला घालून टाकीत उतरायची," तो सरांना म्हणाला, "आता तुमचा लेख वाचून बाहेर काढतात." कुणीतरी खरंच वाचलं, याचा मला किती आनंद झाला होता! वाचण्यासाठी नसलेल्या लेखांमधला एक वाचला गेला. आपण लिहिलेलं वाचून माणसं तसं वागतात, हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी पुढचं मी केलं. म्हणून मला माफी नाही, आणि म्हणूनच रागही दुप्पट येतो.

मागच्या वर्षी एका नोकरी लावून देणाऱ्या ऑफिसचं काम आलं. गावाकडच्या मुलींना कंपनीत पॅकिंगच्या कामाला लावून देणारं हे ऑफिस. त्यांना 'अनुभव' हवा होता. म्हणजे एका मुलीने स्वतः सांगितल्यासारखा लेख. सर आधी कॉम्प्युटरच्या लेख लिहिणाऱ्या यंत्राकडून तो लिहून घेऊन मोकळे झाले होते. ग्राहकाने तो परत पाठवला. फार गुळगुळीत आहे, म्हणाले, खरा वाटत नाही.

सर माझ्या टेबलाशी आले. "तू तिकडचीच ना? मग लिही की. नाव वैशाली. तुमच्या भागातली गरीब मुलगी, नाशिकला येते, या ऑफिसमुळे नोकरी लागते, वसतिगृह, दोन वेळचं जेवण, शिलाईचं शिक्षण. आता सुपरवायझर. निगेटिव्ह एक ओळ नको."

"सर, तिथे खरंच वसतिगृह आहे का?"

"ग्राहकाने दिलेल्या कागदावर आहे ना? मग आहे."

ते ऑफिस आमच्यापासून बसने दोन स्टॉपवर होतं. टाकी बघायला मी गच्चीवर चढले होते. इथे दोन स्टॉप गेले नाही. हे वाक्य मी मनात इतक्या वेळा म्हटलंय की आता ते लिहायला अवघड जात नाही.

मला खोटं लिहिता येत नाही, ही माझी मोठी अडचण होती. मग मी काय केलं, तर खऱ्याच्या पोटात खोटं ठेवलं. अर्ध्याहून जास्त लेख आमच्या पाड्याचा लिहिला. एसटी कुठे वळून परत जाते, तिथून पुढे किती चालायचं, नागलीच्या भाकरीला तव्यावर कसा वास सुटतो. उरलेला भाग कागदावरचा. सरांनी वाचला आणि पहिल्यांदाच म्हणाले, "वा!" त्या दिवशी मी बसमध्ये उभी असूनही बसल्यासारखी सुखात होते.

नंतर मी तो विसरले. मला वाटलं, बाकीच्या लेखांसारखा हाही यंत्रांनीच वाचायचा लेख.

चार-पाच महिन्यांनी एका रविवारी वसतिगृहाच्या फाटकावर मंजुळा उभी. मंजुळा माझ्या पाड्यावरची. आश्रमशाळेत पहिलीपासून बारावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. तिला नर्स व्हायचं होतं. बारावीनंतर तिचा नंबर लागला नव्हता म्हणून ती घरीच होती, एवढंच मला ठाऊक होतं. आता ती सातपूरला पॅकिंगच्या कंपनीत आहे आणि येऊन पाच आठवडे झाले, हे तिने फाटकावरच सांगितलं.

"पाच आठवडे? आणि मला कळवलं नाहीस?"

"रविवारीबी सोडत नाय गं. आज पोटात दुखतं असं सांगून आले." मग ती जवळ सरकली. "हिरे, माझा नंबर लागला. नर्सिंगला. या बुधवारी कागदं तपासायला बोलावलंय, मूळ कागदं. आणि माझी कागदं त्या नोकरीवाल्या ऑफिसात अडकलीत. गुणपत्रक, जातीचा दाखला, शाळेचा दाखला, समदं. म्हणतात एक वरीस पुरं कर, मग देतो. तू शिकलेली. तू येऊन बोल ना."

"मूळ कागदं तू दिलीस कशाला?"

तिला माझा सूर बोचला. "मी काय येडी हाय का? आधी वाचलं, मग दिली." तिने मोबाइल काढला. "आपल्याच भागातली एक वैशाली हाय, तिनं लिव्हलंय. आश्रमशाळेच्या ग्रुपवर आलं व्हतं. तू तीन वर्सं इथं हायेस, तुला भेटली का कधी?"

आणि तिने फाटकाशी उभ्या उभ्या मोठ्याने वाचायला घेतलं. तिला वाचनाची आवड पहिल्यापासून.

"'एसटी जिथे वळून परत जाते तिथून अर्धा तास चाललं की उंबर लागतो. उंबराच्या उजव्या हाताला हातपंप. त्याचा दांडा वाकडा आहे, म्हणून आम्ही मुली त्याला लटकूनच पाणी काढायचो.'" मंजुळा हसायला लागली. "वाकडा दांडा, हिरे! सातवीत तूच वाकवला ना गं? झोके घ्यायचीस त्याला. तुझ्या आईनं काय हाणली व्हती तुला! मी म्हटलं, जिला आपला दांडा ठावा, ती खोटं कशाला लिव्हंल?"

मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण ती माझ्याकडे बघत होती.

"मंजे, वैशाली कुणी नाही. ते मी लिहिलंय."

ती आधी हसली. मग तिने पुन्हा मोबाइलकडे पाहिलं, त्यावरच्या हसऱ्या फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आणि म्होरलं? वसतिगृह? शिलाई?"

"तेही मीच."

"तू जाऊन बघितलं व्हतंस?"

"नाही."

तिने मोबाइलचा पडदा बंद केला. मग अगदी शांतपणे म्हणाली, "आठ जणी एका खोलीत झोपतो. बारा तास उभं ऱ्हायचं. शिलाई मशीनचं एक कॅलेंडर हाय भिंतीवर, ते बघून शिकतो." तिने मोबाइल पिशवीत टाकला. "तू लिव्हलंस ना? मग आता कागदंबी तूच माग."

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवारी कॉलेज बुडवून सकाळीच मी सरांसमोर उभी राहिले. म्हटलं, तो लेख काढा, आणि त्या ऑफिसला फोन करून मंजुळाची कागदं द्यायला सांगा. सरांनी चहा संपवला. मग समजुतीने म्हणाले, "हे बघ हिरा, आपण पोस्टमन. पाकिटात काय आहे ते पोस्टमन बघतो का?"

"पण सर, पत्र मीच लिहिलंय."

"नाव तुझं आहे का? नाही. मग तुला काय त्रास?"

"तिचा नंबर लागलाय सर. बुधवारी कागद नसले तर जागा जाईल."

"त्यात आपला काय संबंध? तू इथे लेख लिहायला आहेस की गावपंचायत चालवायला?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "चांगला ग्राहक आहे. तुझा लेख त्यांना इतका आवडलाय की असे आणखी चार हवेत. सुरगाणा, कळवण, त्र्यंबक, दिंडोरी. प्रत्येक भागातली एक मुलगी."

इतके दिवस मला वाटायचं, सरांनी मला नोकरी दिली कारण मला चांगलं लिहिता येतं. तसं नव्हतं. यंत्राला येत नव्हतं ते त्यांना माझ्याकडून हवं होतं, आणि ते म्हणजे माझा पाडा. माझी एसटी, माझा उंबर, माझ्या आईच्या हातचा मार. आम्ही कुठल्या गोष्टीवर विश्वास ठेवतो ते ठाऊक असलेली एक मुलगी हवी होती. म्हणजे आमच्याच मुली आणायला आमचीच मुलगी. आणि हे करणारा माणूस स्वतःला पोस्टमन म्हणतो!

मी म्हटलं, "चार नाही आणि एकही नाही."

"नको लिहू. तुझ्यासारख्या दहा मिळतील." ते खरंच होतं, म्हणून जास्त लागलं.

मी पिशवी उचलली. दारापर्यंत येऊन आरिफभाई हळूच म्हणाले, "मॅडम, ज्या साइटचं लॉगिन माझ्याकडं हाय, तिथून जेवणाच्या सुट्टीत उडवतो. बाकीच्यांचा भरोसा नाय. आणि ज्यांनी आपला लेख उचलून स्वतःच्या साइटवर टाकलाय, तो तर गेलाच. चढवायला एक बटण लागतं, उतरवायला कुणी बटणच नाय ठेवलं." त्या दुपारी त्यांनी अकरा ठिकाणचा लेख काढला. सरांना कळलं असतं तर त्यांचीही नोकरी गेली असती. त्या कामात मला भेटलेला सरळ माणूस तो एकच.

मंगळवारी मंजुळा आणि मी त्या ऑफिसात गेलो. बसने दोन स्टॉप. आत टेबलामागे एक मॅडम होत्या, त्यांच्या मागे फायलींचं कपाट आणि बाजूच्या भिंतीवर रंगीत छापलेला, काच लावलेला माझा लेख. वर वैशालीचा हसरा फोटो.

मंजुळाने कागद मागितले. मॅडमनी वर न बघता सांगितलं, "वर्ष झाल्याशिवाय मिळत नाहीत. सही केलीय तुम्ही." मग आमच्या चेहऱ्यांकडे पाहून जरा गोड झाल्या. "घाई करू नका गं. हिला बघा, तुमच्याच भागातली. सुरुवातीला अशीच रडायची. आज सुपरवायझर आहे."

मी विचारलं, "कुठे असतात त्या?"

"पुण्याच्या ब्रँचला. परवाच फोन झाला आमचा."

इतकी वर्षं मी वर्गात हात वर करतानाही चार वेळा विचार करते. बोलताना माझा आवाज कापतो. त्या दिवशीही कापला. पण मी भिंतीकडे पाठ केली आणि लेख म्हणायला सुरुवात केली. पहिल्या ओळीपासून. एसटी, उंबर, हातपंप, भाकरी. एकही शब्द चुकला नाही. बाकावर बसलेल्या दोन मुली नावनोंदणीचे फॉर्म भरत होत्या, त्यांनी पेन थांबवले. मॅडम एकदा भिंतीकडे बघत, एकदा माझ्याकडे. वसतिगृहाच्या ओळीपर्यंत आले आणि थांबले.

"पुढचं मला तुम्ही दिलेल्या कागदावरून लिहावं लागलं," मी म्हटलं. "परवा तुमचा फोन झाला ती मीच. पण मला काही आठवत नाही."

मंजुळाने तेवढ्यात माझ्याकडे बघून टोमणा मारून घेतला. "सुपरवायझर मॅडम, माझी फाइल द्या की मग."

आतल्या खोलीतून एक साहेब बाहेर आले. आधी ओरडले, मग पोलिसांत देईन म्हणाले. मी म्हटलं, चला, आपण सगळेच जाऊ, दुसऱ्याची मूळ कागदं कपाटात का ठेवली ते तिथे सांगू. नाहीतर हाच लेख मी पुन्हा लिहीन आणि या वेळी माझ्या नावाने लिहीन. यातली कुठली गोष्ट त्यांना लागली ते मला माहीत नाही. बहुतेक बाकावरच्या त्या दोन मुली, कारण त्यांनी आपली कागदं पिशवीत परत घालायला सुरुवात केली होती. साहेबांनी कपाट उघडलं, मंजुळाची फाइल काढून टेबलावर आपटली आणि म्हणाले, "ही घ्या आणि निघा."

ते कपाट मी पाहिलं. वरपासून खालपर्यंत फायली. प्रत्येकीवर नाव आणि गाव स्केच पेनने लिहिलेलं. आमच्या बाजूची कितीतरी गावं मला दारातून वाचता आली. मी फक्त एक फाइल घेऊन बाहेर आले. बाकीच्यांबद्दल मी कॉलेजच्या मॅडमना सांगितलं, त्यांच्याबरोबर जाऊन तक्रारीचा अर्ज दिला, त्याची पोचही माझ्याकडे आहे. अजून कुणी चौकशीला गेल्याचं ऐकलेलं नाही.

बुधवारी मंजुळाची कागदं तपासून झाली. ती आता नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. माझ्याशी बोलते. पण मी काही सांगायला लागले की मध्येच विचारते, "हे बघून सांगतेस की लिव्हून?" ती चेष्टेत म्हणते. मी प्रत्येक वेळी उत्तर मात्र खरं देते.

लेख अजून आहे. परवा मी शोधून पाहिलं. आमच्या भागाचं नाव आणि 'मुलींसाठी नोकरी' असं टाकलं की वैशाली अजून पहिल्या पानावर येते. काम चोख केलं होतं आम्ही.

आमच्याकडे शेवटचा परिच्छेद ग्राहकाचा असायचा. हा माझा आहे. माझं नाव हिरा. उंबराच्या उजव्या हाताला हातपंप आहे, त्याचा दांडा वाकडा आहे आणि तो मीच वाकवलेला आहे. त्या लेखातलं पाड्याचं तेवढंच खरं आहे. त्यापुढचं वाचून कुणी पिशवी भरू नका, आणि आपली मूळ कागदं कुणाच्या कपाटात ठेवू नका. आमच्या पाड्यावर एकोणीस घरं आहेत. त्यातल्या एकाही घरात वैशाली नाही.